झळ आणि उकाडा

उन्हाळ्यात दिवस कलला की आजी अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाण्याच्या दोन बादल्या ओतत असे, आणि ओतण्यापूर्वी आम्हा मुलांना ओट्यावरून घरात हाकलत असे. "पहिली वाफ अंगावर घेऊ नये," एवढेच तिचे म्हणणे. दिवसभर तापलेल्या फरशीवर पाणी पडले की चर्र असा आवाज होई, दगडाचा आणि धुळीचा एक कढत वास उंबऱ्यापर्यंत येई आणि नुसते दारात उभे राहिले तरी मान घामाने चिकट होई. पाऊण तासाने मात्र तीच फरशी पाय टेकवण्याजोगी गार झालेली असे आणि अंथरुणे बाहेर पडत. एकाच पाण्याने आधी जीव नकोसा केला आणि मग गारवा दिला, यात आजीला काही विसंगत वाटत नसे. पुढे ३१ वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, आणि अप्रकट उष्म्याचा, म्हणजे पाण्याची वाफ होताना पाऱ्याला न कळता खर्ची पडणाऱ्या उष्णतेचा, धडा आला की आजीची फरशी हमखास वर्गात येत असे. पण ती फरशी एका तालुक्याएवढी किंवा गंगेच्या सबंध खोऱ्याएवढी मोठी केली तर काय होईल, हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझ्या शिकवण्यातली ती उणीवच म्हणावी लागेल.

तो प्रश्न ज्यांना पडला आणि ज्यांनी त्यावर उमेदीची वर्षे खर्ची घातली, त्यांच्यापैकी एक जण पुण्यातल्या माझ्या घरापासून फार लांब नाहीत, पवईला असतात, हे मला निवृत्तीनंतर कळले. ऑगस्ट २०२१ मध्ये आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी मंडळाच्या, सहाव्या मूल्यमापन अहवालाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यातले अकरावे प्रकरण टोकाच्या हवामानघटनांवर, म्हणजे उष्णतेच्या लाटा, अतिवृष्टी आणि दुष्काळ यांवर आहे. त्याच्या दोन समन्वयक लेखकांपैकी एक झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील सोनिया सेनेविरत्ने, आणि लेखकांच्या यादीत आयआयटी मुंबईचे प्राध्यापक सुबिमल घोष. घोष हे स्थापत्य अभियांत्रिकी विभागात जलविज्ञान शिकवतात, आणि २०१९ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. जमीन आणि वातावरण यांच्यातली देवाणघेवाण, आणि त्या देवाणघेवाणीतून मोसमी पावसाचे काय होते, हा त्यांच्या कामाचा एक मोठा भाग आहे. ते प्रकरण मी दोन महिने पुरवून वाचले. माणसाच्या हस्तक्षेपापूर्वी सरासरी दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता आजच्या हवामानात २.८ पट वारंवार येते, आणि तापमानवाढ १.५ अंशांवर पोहोचली की ती ४.१ पट वारंवार येईल, असे त्यात म्हटले आहे. या वाढीचे मुख्य कारण हरितगृह वायू आहेत, याबद्दल त्या प्रकरणात संदिग्धता नाही आणि माझ्याही मनात नाही. पण एखाद्या प्रदेशात आलेली लाट किती चढेल आणि किती दिवस मुक्काम ठोकेल, हे ठरवण्यात पायाखालच्या मातीचाही हात असतो, ही गोष्ट मला त्या पानांनी प्रथम नीट समजावली.

मराठीत झळ लागते आणि उकाडा होतो. झळ चंद्रपूरची, उकाडा रत्नागिरीचा. झळ बाहेरून येऊन अंगाला चाटून जाते. उकाड्यात माणूस मोदकपात्रात ठेवल्यासारखा वाफेवर शिजत राहतो, आणि उकडणे या क्रियापदाने ते स्वयंपाकघरातले नाते राखलेही आहे. शास्त्रज्ञ ज्याला पृष्ठभागावरील ऊर्जेची वाटणी म्हणतात, ती या दोन शब्दांतच जवळजवळ सांगून होते. सूर्याकडून आलेल्या आणि जमिनीने राखलेल्या ऊर्जेतला थोडा हिस्सा मातीत खोल उतरतो आणि बाकीच्याला दोन वाटा असतात. एक तर ती ऊर्जा हवा तापवते, म्हणजे झळ होते. नाही तर मातीतल्या आणि पानांतल्या पाण्याची वाफ करते, आणि तापमापकाला पत्ता न लागू देता वाफेच्या पोटात शिरून वर जाते. कोणत्या वाटेने किती जायचे, हे सूर्य ठरवत नाही. जमिनीत किती ओल उरली आहे आणि वर काय उगवले आहे, यावर ते ठरते.

या वाटणीतले आकडे किती मोठे असतात, याची मला स्वतःला कल्पना नव्हती, म्हणून एका दुपारी जुन्या सवयीने कागद पुढे ओढला. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे एका एकरावरून एक मिलिमीटर पाणी उडून जायला विजेच्या हिशेबात सुमारे २,७५० युनिट खर्ची पडतात. पाणी दिलेल्या उभ्या पिकातून भर उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज उडते. चारच धरले तरी दर एकरी दिवसाला ११,००० युनिट झाले. आमच्या घरी महिन्याला दीडशेच्या आसपास युनिट वापरले जातात, तेव्हा ही आमची सहा वर्षांची वीज झाली, आणि ती एका एकरात, एका दिवसात, कोणाच्याही नकळत. शेतात पाणी असेल तर एवढी उष्णता हवेला न तापवता निघून जाते. नसेल, तर तिला दुसरी वाट उरत नाही. ती माती तापवते, माती हवेला तापवते, तापलेली हवा मातीतला उरलासुरला ओलावा आणखी जोराने ओढते, आणि हे चक्र एकदा फिरू लागले की वरून पाऊस येईपर्यंत थांबण्याचे कारण त्याला मिळत नाही.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, या गणिताचा गंध नव्हता, पण ओल मोजण्याची त्यांची एक रीत होती. आमची जमीन मंगळवेढ्याच्या बाजूची, खोल काळी, आणि त्या काळी सगळी जिरायती. पेरणीच्या आधी अण्णा वीतभर खालची माती उकरून मुठीत दाबून तिचा गोळा करीत आणि तो कमरेच्या उंचीवरून सोडत. गोळा पडून चपटा झाला तर अजून चिखल आहे. फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. आणि गोळा वळलाच नाही तर घरी परतायचे. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी मोजकी वेळ. त्या शब्दातच वाफ ऐकू येते, हे लक्षात यायला मला साठी उलटावी लागली. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी हस्ताच्या आगेमागे पेरली जाते आणि पुढे आभाळातून फारसे काही न पडताही माघापर्यंत पोसत राहते, कारण तिची मुळे भाद्रपदात मुरलेले पाणी पौषात वर काढतात. शास्त्रज्ञ जमिनीच्या या गुणाला मातीची स्मृती म्हणतात. हवा चार-आठ दिवसांत आपली मागची अवस्था विसरते. माती ती कित्येक आठवडे, खोल माती तर महिनोन्‌महिने धरून ठेवते. या महिन्यातले हवामान मागच्या महिन्यांतल्या पावसाशी बांधलेले असते, ते या स्मृतीमुळे. आम्ही तर वर्षभर तिच्याच भाकरी खात होतो.

जमिनीचा हवामानावर एवढा अधिकार चालतो, हे मान्य व्हायला विज्ञानातही वेळ लागला. १९८२ मध्ये जगदीश शुक्ल आणि येल मिन्ट्झ यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. शुक्ल हे उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. अमेरिकेतल्या विद्यापीठांत नाव कमावण्यापूर्वी ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत काम करीत होते, हे सांगताना मला उगाचच बरे वाटते. त्यांनी संगणकात दोन पृथ्व्या चालवल्या. एकीवर जमीन कायम ओली. दुसरीवर जमिनीतून पाण्याचा एक थेंबही वाफ होऊन वर जाणार नाही, अशी योजना. समुद्र, सूर्य, पर्वत, सगळे दोन्हीकडे सारखे. जुलै महिन्याच्या या खेळात कोरड्या पृथ्वीवरील खंडे भाजून निघाली आणि युरोपात व आशियाच्या बहुतेक भागात पाऊस जवळजवळ नाहीसाच झाला. आग्नेय आशिया आणि भारत तेवढे वाचले, कारण समुद्रावरून येणारे बाष्प तिथे पोहोचत होते. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी निर्धास्त झाले: आपला पाऊस समुद्राचा, मातीने काहीही केले तरी तो येणारच. तो निर्धास्तपणा टिकला नाही. २००४ मध्ये रँडल कोस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील डझनभर गटांची संगणकीय प्रारूपे एकत्र तपासून, मातीतल्या ओलीचा पावसावर कुठे प्रभाव पडतो याचा नकाशा काढला. त्यात ठळक उमटलेले प्रदेश थोडेच होते: उत्तर अमेरिकेतली मोठी मैदाने, आफ्रिकेतला साहेलचा पट्टा, आणि भारत. कारण साधे आहे. वाळवंटात वाफ व्हायला पाणीच नसते आणि सदापर्णी जंगलात ते नेहमीच असते. मधल्या, कधी ओल्या तर कधी कोरड्या प्रदेशांत मात्र ओलीच्या कमीजास्त होण्याने खेळ पालटतो. आपण त्या मधल्या प्रदेशात राहतो.

सेनेविरत्ने यांच्या गटाचे काम ज्या जागेशी बांधलेले आहे, तिचे वर्णन वाचताना मला अण्णांचा मातीचा गोळा वारंवार आठवला. ईशान्य स्वित्झर्लंडच्या टेकड्यांत रिटहोल्झबाख नावाच्या एका ओढ्याचे जेमतेम ३.३ चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र आहे. तिथे जमिनीत एक मोठे पिंप पुरले आहे, दोन मीटर व्यासाचे आणि अडीच मीटर खोल. त्यात तिथलीच माती भरून वर आजूबाजूला असते तसेच गवत वाढू दिले आहे, आणि हे सगळे पिंप एका काट्यावर उभे आहे. पाऊस पडला की वजन वाढते, वाफ उडाली की घटते. या साधनाला लायसीमीटर म्हणतात. १९७६ पासून तिथे मातीचे वजन होत आले आहे. एवढ्या एकनिष्ठेने किराणा दुकानातले काटेही चालत नसतील. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात जी उष्णतेची लाट आली, त्यात ७०,००० हून अधिक माणसे दगावली. त्याच ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या ग्रोनो या गावी ४१.५ अंश तापमान नोंदले गेले, जे चंद्रपूरच्या माणसाला मामुली वाटेल, पण त्या देशाने तोवर कधी पाहिले नव्हते. पिंपाच्या वजनाने त्या वर्षाची एक वेगळीच हकीकत सांगितली. लाटेच्या आधीच, निरभ्र जूनमध्ये, वाफ नेहमीपेक्षा जास्त उडाली होती. म्हणजे पाऊस कमी पडला हे जमीन सुकण्याचे अर्धेच कारण. प्रखर उन्हाने जमिनीचे पाणी आधीच उपसले होते. ईटीएचमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये २००३ आणि आणखी काही उन्हाळे संगणकात पुन्हा चालवून, मातीच्या ओलीचा खेळ चालू ठेवून आणि बंद करून पाहिले, तेव्हा युरोपच्या काही भागांत अतिउष्ण दिवसांपैकी ५० ते ८० टक्के दिवस जमीन आणि हवा यांच्या या संगनमताचे निघाले.

सेनेविरत्ने यांचाही सहभाग असलेला २०१० चा एक अभ्यास मला विशेष आवडतो, कारण तो माझ्या एका लाडक्या समजुतीला धक्का देतो. लाटेच्या सुरुवातीच्या दिवसांत हवा अधिक तापते ती कुरणावर नव्हे, जंगलावर. गवत उधळ्या माणसासारखे असते. पाणी आहे तोवर भरपूर वाफ सोडते, हवा गार ठेवते, आणि मग एकाएकी दिवाळे काढते. झाडे पहिल्यापासून हात आखडून खर्च करतात, त्यामुळे सुरुवातीला त्यांच्यावरची हवा जास्त तापते, पण लाट लांबली की गवत वाळून जाते आणि झाडांकडे मात्र अजून शिल्लक असते. झाडे लावा म्हणजे उन्हाळा हटेल, असे फलक आमच्या सोसायटीच्या भिंतीवर दर जूनला रंगवले जातात, आणि त्यांचा मला हल्ली थोडा राग येतो. झाडे नकोत म्हणून नव्हे. कोणते झाड, कोणत्या मातीत, पाणी कुठून आणि किती दिवस पुरणारे, हे चार प्रश्न त्या फलकावर मावत नाहीत म्हणून.

घोष आणि त्यांचे विद्यार्थी यांनी हेच प्रश्न आपल्याकडे आणून विचारले, आणि इथे गोष्ट आजीच्या फरशीकडे वळते. समुद्रावरून आलेले बाष्प एकदा पाऊस होऊन पडले की त्याचा प्रवास संपला, असे शाळेच्या चित्रात दिसते. प्रत्यक्षात ते पाणी मातीतून आणि पानांतून पुन्हा वर जाते आणि थोडे पुढे पुन्हा पडते. या फेरपावसाचा हिशेब पवईच्या गटाने मांडला तेव्हा दिसले, की मोसमाच्या सुरुवातीला, जमीन कोरडी असताना, तो नगण्य असतो. पण पावसाळा उतरणीला लागल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात, गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्य भारतात सुमारे पाव हिस्सा पाऊस जमिनीनेच परत केलेल्या पाण्याचा असतो. पाऊस पावसाला बोलावतो, असे अण्णा म्हणत असत, आणि मी ते अडाण्याचे बोलणे म्हणून सोडून देत असे. त्याच गटाच्या २०१६ च्या अभ्यासात, अलीकडच्या दशकांत झाडोऱ्याची जागा पिकाखालच्या जमिनीने घेतल्याचा मोसमी पावसावर काय परिणाम होतो, हे तपासले आहे. खोल मुळांच्या झाडाला जे पाणी वर आणता येते, ते उथळ मुळांच्या पिकाला आणता येत नाही. वाफ घटते, फेरपाऊस घटतो, आणि समुद्राने कितीही पाठवले तरी एकूण पाऊस क्षीण होत जातो, असे त्यातून निघाले. शुक्लांच्या कोरड्या पृथ्वीवर तगलेला भारत वाचून आलेली माझी निश्चिंती इथे संपली.

मग सिंचन. उत्तर भारतात कोट्यवधी माणसे जमिनीखालचे पाणी उपसून भाताच्या खाचरांत उभे करतात. ही माणसाने सडा घातलेली जगातली सर्वांत मोठ्या फरशांपैकी एक. २०१९ मध्ये पवईच्या गटाने प्रारूपात शेतकरी पुस्तकाप्रमाणे मोजके पाणी देतो असे न धरता, तो खरोखर जसे देतो, म्हणजे भूजल उपसून, खाचर तुडुंब भरून, तसे धरून गणित केले. सप्टेंबरचा पाऊस वायव्येकडे सरकताना दिसला, आणि मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीचे प्रसंग वाढण्याशीही या पाणी देण्याच्या पद्धतीचा संबंध लागला. म्हणजे पंजाबातल्या विहिरीवरचा पंप आणि शेकडो कोस दूर मध्य प्रदेशात कोसळणारा पाऊस यांच्यात एक अदृश्य पाट वाहतो आहे. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, आयआयटी गांधीनगरचे विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांनी आजीचे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे 'नेचर जिओसायन्स'मध्ये छापले, अर्थात आजीला श्रेय न देता. सिंचनाने उत्तर भारतातली उन्हाळी जमीन गार होते, हे त्यांनाही आढळले; पण हवेतला दमटपणा वाढतो, जमिनीलगतचा हवेचा मिसळणारा थर गार जमिनीमुळे खुजा राहतो, वाफ त्या कमी उंचीत कोंडते, आणि माणसाच्या शरीराला जाणवणारा दमट उष्णतेचा ताण कमी होण्याऐवजी वाढतो. झळ गेली आणि उकाडा आला. पहिली वाफ अंगावर घेऊ नये, पण जो रोजगारी त्या खाचरातच वाकून उभा आहे, त्याने कोणत्या घरात शिरायचे?

हा ताण मोजण्याचे साधन आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेले असे आणि विद्यार्थी त्याकडे ढुंकून पाहत नसत. दोन तापमापक शेजारी शेजारी. एकाचा पारा उघडा, दुसऱ्याच्या फुग्याभोवती मलमलीचे ओले फडके. फडक्यातले पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून ओल्याचा पारा खाली राहतो. हवा कोरडी असेल तर दोघांत मोठे अंतर पडते. दमट असेल तर ते जवळ येतात. माणूसही घामाने भिजलेले फडकेच आहे. ओला तापमापक ३५ अंशांवर गेला, तर सावलीत, वाऱ्यात, अंगभर पाणी घेऊन बसलेल्या धडधाकट माणसालाही आपली उष्णता बाहेर टाकता येणार नाही, असे २०१० मध्ये स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी दाखवून दिले. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र अजूनही कोरड्याच पाऱ्याचा आकडा मोठ्या अक्षरांत येतो, आणि ४४ अंशांचे अकोला ३६ अंशांच्या मुंबईला चिडवत राहते.

यात सगळे सुरळीत जुळते असे वाटू लागले तेव्हाच २०१२ चा एक शोधनिबंध हाती आला. क्रिस्टोफर टेलर आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवले, की साहेलसारख्या प्रदेशात दुपारचा पाऊस आजूबाजूपेक्षा कोरड्या मातीवर पडण्याची शक्यता अधिक असते. कोरडी जमीन जास्त तापते, तिच्यावरची हवा जोमाने उफाळते आणि शेजारच्या ओल्या शिवाराची वाफ आपल्याकडे खेचते. मला ताबडतोब वळीव आठवला. अर्ध्या गावात धो धो आणि अर्ध्या गावात धूळ, आणि त्यावरून भावकीत होणारी थट्टा. अण्णांचे "पाऊस पावसाला बोलावतो" खोऱ्याच्या आणि महिन्यांच्या मापाने खरे ठरते, आणि एका दुपारच्या, पाच-पंचवीस किलोमीटरच्या मापाने उलटेही ठरू शकते. शास्त्रज्ञ अजून या दोन मापांमधला सांधा शोधत आहेत, आणि पट्टीच्या एका टोकाचे उत्तर दुसऱ्या टोकाला लावू नये इतके तरी मी त्यांच्याकडून शिकले आहे.

आमच्या शिवारात १९८० नंतर हळूहळू उजनीचे पाणी फिरले. भीमेकडच्या तुकड्यात आता धाकट्या भावाचा ऊस उभा आहे. माळाकडच्या तुकड्यात अजून ज्वारी होते आणि मे महिन्यात तिथे नुसती धसकटे आणि हात जाईल एवढ्या भेगा असतात. एकाच सातबाऱ्यावर झळही आहे आणि उकाडाही. गेल्या मे महिन्यात जाताना मी माझा जुना ओला-कोरडा तापमापक पिशवीतून नेला. प्रवासात त्याची पाण्याची छोटी बाटली फुटली, म्हणून फडके तांब्यातल्या पाण्यात भिजवून काम चालवावे लागले. उसाच्या बांधावर, आंब्याच्या सावलीत, पाळी दिलेल्या सरींना लागून तो टांगला. कोरडा पारा माळापेक्षा बराच खाली होता आणि ओला बराच वर, आणि माझा पदर अंगाला चिकटला होता. भाऊ म्हणाला की मजूर दुपारी या फडात शिरायला नाखूश असतात, वारा लागत नाही म्हणतात. त्यापेक्षा माळावर दगड वेचायला लावा, तयार होतील. मी त्याला मिश्रांच्या निबंधाबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि त्याने विचारले, की मग ऊस लावू नये असे म्हणतेस का. मी तसे म्हणत नव्हते. काय म्हणत होते, तेही मला नीट सांगता आले नाही. त्याच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता उसावर फिटतो, आणि उन्हाळी तापमानाच्या वाटणीत त्या हप्त्याला रकाना नाही.

मग आम्ही माळावर गेलो. एका बाभळीच्या सावलीत तापमापक पुन्हा भिजवून लावला, आणि अपेक्षेप्रमाणे दोन पाऱ्यांत हातभर अंतर पडलेले पाहून मला शिक्षकी समाधान वाटले. भावाला ते अंतर दाखवले, त्यानेही मान डोलावली. पुढे कालव्याच्या पाळीवरून, चुलत्यांच्या वाटणीवरून बोलणे लांबले. ऊन झाडाखालून सरकले तसे आम्हीही सरकत गेलो, आणि अर्धा-पाऊण तास तरी कोणी फांदीकडे पाहिले नाही. उठताना भावाने पाहिले आणि मला हाक मारली. दोन्ही पारे एकाच रेषेवर उभे होते, वर, कोरड्याच्या जागी.

"अक्का, बिघडलं का गं हे?"

मी जवळ जाऊन फडक्याला बोट लावले. ते पापडासारखे कडक झाले होते. भावाने तांब्यात उरलेले घोटभर पाणी त्याच्यावर ओतले, आणि आम्ही दोघे पारा खाली येण्याची वाट पाहत उभे राहिलो.